अडतीस झोपा आणि एक ‘कल’

मला त्यांचा राग येतो, हे आधीच सांगून टाकते. जुन्या माणसांविषयी लिहायला बसलं की लोक आधी गोड गोड लिहितात आणि शेवटी कुठेतरी ‘तसे ते जरा तऱ्हेवाईक होते’ असं एक वाक्य कडेला ठेवून देतात. मला ते जमणार नाही. ते जरा नव्हे, पुरते तऱ्हेवाईक होते. त्यातल्या निम्म्या तऱ्हा माझ्या डोक्यात जायच्या आणि उरलेल्या निम्म्यांनी माझी नोकरी घालवली.

हबीबगंज स्टेशनच्या समोर, एका औषधाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती. स्टेशनच्या पाटीवर आता नवं नाव आहे, ऑटोवाले अजून जुनंच ओरडतात. कंपनीत आम्ही अकरा माणसं, त्यातली मराठी दोनच, ते आणि मी. बाकीचे त्यांना ‘भाऊसाहब’ म्हणायचे. त्यांचे आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. साकेत नगरला यांचं घर. मराठी नागपुरी, तीही हिंदीत बुडवून काढलेली. माझे बाबा पुण्याहून इथल्या मोठ्या कारखान्यात बदलून आलेले, आम्ही अवधपुरीत राहणारे, घरी ‘आणि-पाणी’ स्वच्छ बोलणारे. या माणसानं पहिल्याच दिवशी मला ‘पोट्टी’ म्हटलं. तीस वर्षांच्या, एम.टेक. झालेल्या बाईला पोट्टी! मी म्हटलं, ‘‘सर, मला नावानं हाक मारा.’’

‘‘बरं, पोट्टी,’’ ते म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

आमचं काम सांगायला सोपं आहे. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात पंधरा-वीस कॉम्प्युटर चालवायचे. ते खरे नसतात, पण प्रत्येकाला वाटतं आपण खरे, स्वतंत्र. इस्पितळाचं उदाहरण घ्या: एक मशीन बिलांचं, एक औषधांचं, एक तपासणीच्या रिपोर्टांचं, आणि सगळी एकाच लोखंडी कपाटात. त्या सगळ्यांना जागा आणि मेमरी वाटून देणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला हायपरवायझर म्हणतात. भाऊसाहब त्याला ‘घरमालक’ म्हणायचे आणि आतल्या मशीनांना ‘भाडेकरू’. नव्या मुलांना वाटायचं हा माणूस दिवसभर घरभाड्याच्या भानगडीत असतो.

वीज गेली की सर्व्हर बॅटरीवर वीस मिनिटं चालतो. तेवढ्यात सगळ्या भाडेकरूंना झोपवायचं, म्हणजे त्यांच्या डोक्यात जे असेल ते जसंच्या तसं डिस्कवर ठेवायचं, आणि वीज आली की तिथूनच उठवायचं. झोपवायच्या दोन पद्धती. सोपी पद्धत म्हणजे घरमालकानं भाडेकरूला आहे त्या जागी गोठवायचं. त्याला पत्ताच लागत नाही. उठवल्यावर तो अर्ध्यावर राहिलेलं वाक्य पुढे बोलायला लागतो, आणि मध्ये दोन तास गेले हे त्याच्या गावीही नसतं. दुसरी पद्धत अवघड. भाडेकरूला सांगायचं की बाबा, झोपायची वेळ झाली. मग तो हातातली कामं मिटवतो, आपले प्रोसेसर एकेक करून बंद करतो, आणि शेवटी उरलेला एक प्रोसेसर घरमालकाला सांगतो, आता मी झोपतो, मला उठवाल तेव्हा इथून सुरू करा. उठल्यावर तो पहिलं काम करतो ते घड्याळ विचारायचं.

आमच्या सगळ्या इस्पितळांत सोपी पद्धत होती. वर्षानुवर्षं होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. भाऊसाहबांना मात्र ती पाहवत नसे.

‘‘मानसाले झोपवनं आन् बेशुद्ध करनं, यात फरक असते का नाही?’’ ते विचारायचे. मी म्हणायचे, असतो. ‘‘मंग?’’ एवढंच म्हणून ते थांबायचे, जणू पुढचा प्रोग्रॅम मीच लिहून द्यायचा आहे.

हा माणूस जसं लिहायचा तसंच जगायचा, हे सगळ्यात तापदायक. रोज दोन वाजता डबा खाऊन ते खुर्चीत अठरा मिनिटं झोपत. झोपण्यापूर्वी चिठ्ठी लिहायचे: आत्ता काय करत होतो, उठल्यावर कुठून सुरू करायचं. चिठ्ठी खिशात. उठल्यावर आधी भिंतीवरचं घड्याळ बघायचे, मग चिठ्ठी वाचायचे, आणि तोवर ब्रह्मदेव आला तरी त्याच्याशी बोलायचे नाहीत. एकदा आमच्या मालकांनी मोठ्या गिऱ्हाइकांना आणलं आणि यांना खांद्याला धरून हलवलं. हे उठले. मालकांच्या तोंडाकडे अर्धं मिनिट बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘आज दिन कौन सा है?’’ मालक हसत म्हणाले, ‘‘मंगल, भाऊसाहब.’’ मग घड्याळ, मग चिठ्ठी, आणि मग कुठे पाहुण्यांना नमस्कार. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता आमचे मुख्य इंजिनिअर म्हणून यांचीच ओळख करून द्यायची होती!

संध्याकाळी ते सगळ्यांत शेवटी निघत. प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन ‘‘झालं का?’’ विचारत, आणि ‘झालं’ ऐकल्याशिवाय त्याच्या डोक्यावरचा दिवा मालवत नसत. ‘‘घरात एक जन जागा हाये तोवर घर झोपलं म्हनायचं नाही.’’ घरमालकालाही त्यांनी हेच शिकवलं होतं: एक जरी प्रोसेसर जागा असेल तर झोपायची परवानगी नाकारायची. ते ठीक. पण मी बाथरूममध्ये असताना हा माणूस बाहेर दिव्याच्या बटणाशी उभा राहून ‘‘झालं का वं?’’ विचारायचा, याला काय म्हणायचं?

आणि ‘कल’. आमच्या ऑफिसात ‘कल’ या शब्दाला बंदी होती.

मराठीत काल तो काल आणि उद्या तो उद्या. हिंदीत दोन्ही ‘कल’. बोलताना अडत नाही, वाक्यावरून कळतं. पण यांच्यासमोर कुणी ‘कल’ म्हटलं की हातातलं काम थांबायचं. ‘‘कौन सा वाला? गया हुआ, कि आने वाला?’’ समोरच्यानं वाराचं नाव घेईपर्यंत हे पुढे सरकायचे नाहीत. एकदा चहावाला म्हणाला, ‘‘भाऊसाहब, कल से चाय दूसरा लड़का लाएगा,’’ तर त्यालाही सोडलं नाही. तो बिचारा ‘‘से... से...’’ करत राहिला. मी म्हटलं, ‘‘सर, ‘कल से’ म्हटल्यावर उद्याच ना? एवढं काय?’’

‘‘जे भाषा गेलेलं आन् येनारं एकाच डब्यात भरते,’’ ते म्हणाले, ‘‘ते कवितेले ठीक हाये. मशीनले नाही.’’

त्यांच्या पाठीमागे मी त्यांची नक्कल करायचे. ‘कौन सा वाला?’ हे मी इतकं हुबेहूब करायचे की मालकसुद्धा हसायचे. हिंदी माझी पहिल्यापासून उत्तम. फोनवर मी मराठी आहे हे कुणाला ओळखू यायचं नाही, आणि मला त्याचा ताठा होता.

आठ महिने खपून त्यांनी नवी पद्धत तयार केली, ती विचारून झोपवण्याची. शेवटच्या टप्प्यात त्यांनी अट घातली की चाळीस वेळा मशीन झोपवीन, चाळीस वेळा उठवीन, आणि प्रत्येक वेळी स्वतः समोर बसून बघेन. हे काम प्रोग्रॅम लावून एका दुपारी झालं असतं. यांनी ते डोळ्यांनी केलं. झोपवायचे, समोर हाताची घडी घालून बसायचे, उठवायचे, घड्याळ तपासायचे, वहीत रेघ ओढायचे. अडतीस झाल्या. मालकांनी हात जोडले, आता बस. पण हे म्हणाले, दोन राहिल्या. बुधवारी करू.

सोमवारी मी नवी पद्धत एका खासगी इस्पितळाच्या सर्व्हरवर नुसती नेऊन ठेवली. बुधवारी चाळीस पूर्ण झाल्या की चालू करायची, असं ठरलं. तिथला ऑपरेटर शकीलभाई, ठेक्यावरचा माणूस, चाळिशीचा, फार काळजीनं काम करणारा. त्याच सोमवारी माझ्या मागे तिथली वीज दहा मिनिटं गेली, आणि शकीलभाईनं जुन्या पद्धतीनं सगळी मशीनं गोठवली नि उठवली. दहा मिनिटांत कुणाचं काय बिघडणार? मला त्यानं ते कळवलंही नाही.

मंगळवारी साडेअकराला त्याचा फोन आला. माझ्या एका हातात समोसा होता आणि दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी मला हाका मारत होतं.

‘‘मैडम, लाइट गई. कल वाला चला दूँ?’’

मला वाटलं, नवी पद्धत उद्या चालू होणार, ती आजच लावू का असं विचारतोय. किती चांगला माणूस, म्हटलं.

‘‘हाँ हाँ, कल वाला ही चलाओ.’’

त्यानं काल चालवली होती ती चालवली.

या वेळी वीज सव्वादोन तास आली नाही. मधल्या काळात, बाराच्या ठोक्याला, वॉर्डातल्या नर्सनं एका आजींना इन्सुलिन दिलं आणि कागदावर लिहून ठेवलं. दोनला पाळी बदलली. त्याच सुमारास मशीनं जागी झाली, आणि औषधांचं मशीन आपलं अर्धवट वाक्य पुढे बोलायला लागलं. त्याच्या लेखी अजून बारा वाजायचे होते. थोड्या वेळानं पडद्यावर घंटी वाजली: बाराचं इन्सुलिन. नव्या नर्सनं ते दिलं. मनगटावरचं घड्याळ तिनं का बघितलं नाही असं विचारणारे बरेच भेटले मला. तिला पडद्याप्रमाणे चालायचं शिकवलं होतं, ती चालली. तो कागद जुन्या पाळीच्या फायलीत होता.

आजी बेशुद्ध झाल्या. तीन दिवस आयसीयूत होत्या. वाचल्या, हे इथेच सांगते, कारण पुढचं सगळं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागू नये. माझा लागला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहबांनी मला समोर बसवलं. ‘‘फोनवर झालेले शब्द सांग. जसेच्या तसे.’’

‘‘तो म्हणाला, नया वाला चला दूँ. मी हो म्हणाले.’’

हे मी म्हणाले. कशी उचलली जीभ नि लावली टाळ्याला! त्यांनी ते वाक्य कागदावर लिहिलं, कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला आणि वर पेन ठेवलं. ‘‘हे असंच झालं म्हनून सही कर.’’

मी पेनाकडे बघत राहिले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘‘कल वाला,’’ मी शेवटी म्हणाले. ‘‘त्यानं ‘कल वाला’ विचारलं.’’

त्यांनी पहिलं वाक्य खोडून हे लिहिलं. ‘मी म्हणालो होतो न’ असं एका अक्षरानं म्हणाले नाहीत. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसानं टोमणा मारला तर त्याला उलट बोलता येतं. यांनी तीही सोय ठेवली नाही.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा त्यांचं ठरलेलंच होतं. ‘‘भाऊसाहब, रिपोर्ट में ऑपरेटर की गलती डाल दीजिए. ठेके का आदमी है. नया वाला रखा था, पुराना क्यों चलाया? बात ख़त्म.’’ आणि माझ्याकडे बघून, ‘‘ठीक है ना?’’

मी मान हलवली नाही. पण नाहीही म्हणाले नाही. शकीलभाईची नोकरी की माझी, एवढाच हिशेब त्या खोलीत होता, आणि मी गप्प राहून तो माझ्या बाजूनं सोडवत होते.

‘‘मैं ये साइन नहीं करूँगा,’’ भाऊसाहब म्हणाले आणि उठले.

जिन्यात मी त्यांना गाठलं. ‘‘सर, माझं नाव नका टाकू. ‘संवादातील त्रुटी’ लिहा. खोटं नाही ना ते?’’

‘‘त्रुटीले कोनी नौकरीवरून काढत नाही, पोट्टी. शकीलले काढतीन.’’

‘‘मग माझं नाव तुम्ही कसं टाकता?’’

‘‘मी नाही टाकत. तू टाक. तेवढा पॅरा तू तुह्या हातानं लिही. जागा सोडतो मी.’’

तिथे माझा तोल गेला. मी जिन्यात उभी राहून ओरडले. म्हटलं, ‘‘तुमच्या दोन झोपा राहिल्या होत्या म्हणून हे झालं! अडतीस वेळा काय बघत होतात? सोमवारी चालू केलं असतं तर काही झालं नसतं. तुमच्या हट्टापायी त्या आजी तिथे पडल्यात, आणि नाव माझं?’’ खालच्या औषधाच्या दुकानातली गिऱ्हाइकं मान वर करून बघत होती.

‘‘बरोबर हाये,’’ ते म्हणाले. ‘‘ते वरतीच लिहिलं हाये मी. पहिल्या पॅऱ्यात.’’

त्यांनी मला तो कागद दाखवला. खरंच लिहिलं होतं. चाळीसची अट माझी होती, तिला तांत्रिक कारण नव्हतं, ती नसती तर हा प्रकार टळला असता. खाली सही. त्याखाली चार ओळींची रिकामी जागा, माझ्यासाठी.

मी ती भरली नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघून त्यांनीच भरली.

शुक्रवारी दुपारी ते म्हणाले, ‘‘चल पोट्टी,’’ आणि मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. का बसले? वाटेत त्यांचं मन वळवता येईल असं मला वाटत होतं. वाऱ्यात त्यांना माझं काही ऐकू येत नव्हतं, किंवा येत होतं.

इस्पितळाच्या अधीक्षकांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. अधीक्षक, त्या आजींची मुलगी, आम्ही दोघं, आणि दाराशी शकीलभाई. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. भाऊसाहबांनी रिपोर्ट हिंदीतून मोठ्यानं वाचला, आधी स्वतःचा भाग. मग ते थांबले आणि कागद माझ्यापुढे धरला. माझ्या तोंडानं मी वाचावं म्हणून.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. खोलीत सगळे वाट बघत होते. मग त्यांनी कागद परत घेतला आणि माझं नाव घेऊन वाचलं: ऑपरेटरनं ‘कल वाला’ असं विचारलं. कोणता, हे विचारून घेणं यांचं काम होतं. यांनी विचारलं नाही. ऑपरेटरनं सांगितलं तेच केलं.

मुलीनं एवढंच विचारलं, ‘‘माँ के साथ दोबारा तो नहीं होगा?’’

‘‘नहीं होगा. कल रात... नहीं. गुरुवार की रात से यहाँ नया चालू है,’’ भाऊसाहब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून त्यांचा स्वतःचा ‘कल’ ऐकला.

पुढच्या आठवड्यात मालकांनी माझा राजीनामा मागितला. शकीलभाईची नोकरी राहिली. सगळ्या इस्पितळांत नवी पद्धत लागली. भाऊसाहबांना कुणी हात लावला नाही. घरमालकाच्या पोटातलं त्यांच्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं, मग काढणार कसं? चूक दोघांची आणि घरी मी! कितीतरी दिवस मी हेच घोकत होते. दीड महिन्यात मला दुसरी नोकरी मिळाली, ह्याहून बरी. त्यांनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. नोकरीचा राग असाच हळूहळू निवत गेला असता. पण त्या शुक्रवारी इस्पितळाच्या बाहेर जे झालं ते काही निवत नाही.

फाटकाशी चहाची टपरी होती. शकीलभाई आमच्या मागोमाग बाहेर आला. त्यानं जबरदस्तीनं तीन चहा सांगितले. भाऊसाहब नको म्हणाले, स्कूटरकडे गेले. शकीलभाई माझ्यासमोर उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे तांबडे.

‘‘मैडम, तीन दिन से घर में किसी से बोला नहीं अपन. बीवी पूछे तो कह दूँ तबीयत खराब है. अपन को तो यही लगा कि अपन के हाथ से हुआ. सुबह उठूँ तो वो अम्मा सामने दिखें.’’ मग म्हणाला, ‘‘आपने तो नया वाला ही समझा था ना?’’

‘‘हाँ,’’ मी म्हणाले.

‘‘तो बस. फिर गलती किसी की नहीं हुई.’’ आणि तो हसला. मनापासून, मला मोकळं करायला हसला.

भाऊसाहबांनी हेल्मेट घालता घालता हे ऐकलं. ते मराठीत म्हणाले, शकीलभाईला कळू नये म्हणून नव्हे, माझ्याशी ते नेहमी मराठीतच बोलायचे. ‘‘झाली चूक. तुही झाली. चहा पी, आन् मंग सांग त्याले, चूक माही होती म्हनून.’’ स्कूटर सुरू केली आणि मला तिथेच सोडून निघून गेले.

मी चहा प्यायले. शकीलभाईनं विचारलं, ‘‘क्या बोल गए भाऊसाहब?’’

‘‘कुछ नहीं,’’ मी म्हणाले. ‘‘बोले, चाय पी लो.’’